‘कन्हस’चा कर्ता

जळगाव
१८ जानेवारी १९९२

श्री. भटू उखर्डू पाटील यांस,
स. न. वि. वि.

या पत्रात मी तुम्हांस ‘तुम्ही’ म्हटले आहे, याचे आश्चर्य वाटू देऊ नये. हे पत्र आणि त्याचे उत्तर तिसऱ्या पक्षापुढे ठेवण्याचा प्रसंग येऊ शकतो. कागदावर धाकट्या भावाचा एकेरी उल्लेख झाला, किंवा तुम्ही मला म्हणता तशी ‘नाना’ अशी सही मी केली, तर साक्षीचे वजन कमी होते. हेतू इतकाच.

विषय गाडीचा आहे. मागील वर्षी आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, १६ मे रोजी, येथील विक्रेत्याकडून मी एक लहान पांढरी मोटार घेतली. चौसष्टाव्या वर्षी मी ती चालवायला शिकलो. याची गावात थट्टा झाली असल्यास ती मला मान्य आहे. गाडीबरोबर जे वॉरंटीचे पुस्तक मिळाले त्यात असे लिहिले आहे की, एक वर्ष किंवा वीस हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर, बनावटीत दोष आढळल्यास विक्रेता तो विनामूल्य दुरुस्त करून देईल. ‘आढळल्यास.’ कोणास आढळल्यास, हे लिहिलेले नाही. माझा सारा त्रास या एका गाळलेल्या शब्दातून निघाला आहे.

गाडीतून एक आवाज येतो. तो खडखडाट नाही, शिट्टीही नाही. खोल आणि दबलेला, कोणी दात आवळून श्वास सोडावा तसा. तो नेहमी येत नाही. मी तो तीन वेळा ऐकला आहे आणि तिन्ही तारखा वहीत आहेत : ११ नोव्हेंबर, १४ डिसेंबर, १२ जानेवारी.

परवा गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तेथील निंबा मिस्तरी ती घेऊन एकटाच एक फेरी मारून आला आणि त्याने जॉब कार्डावर पुढीलप्रमाणे नोंद केली : ‘गिऱ्हाईक म्हणते आवाज. नाही.’ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविताना एकतीस वर्षे मी कोणाही विद्यार्थ्यास ‘नाही’ एवढ्याच शब्दाचे वाक्य लिहू दिले नाही. आवाज नाही, की ऐकू आला नाही, की गिऱ्हाईक तसे म्हणत नाही? मी विचारले. तो म्हणाला, “आबा, नाही म्हणजे नाही.”

म्हणून तुमच्याकडे आलो. ११ नोव्हेंबर रोजी आईच्या अस्थी मुडावदला संगमावर नेताना तुम्ही माझ्या शेजारी, पुढच्या आसनावर बसला होता. मडके तुमच्या मांडीवर होते. नरडाण्याचे रेल्वे फाटक ओलांडल्यावर जिथे रस्ता उखडला आहे, तिथे तुम्ही एक शब्द उच्चारला. जाता-येता त्या संपूर्ण प्रवासातला तुमचा तो एकच शब्द : ‘कन्हस.’

यावरून गाडी कण्हते हे तुम्हीही ऐकले, असा निष्कर्ष निघतो. एवढेच मला तुमच्या सहीने दोन ओळींत हवे आहे. मुदत १५ मे रोजी संपते.

सौ. बेबाबाईस आशीर्वाद. मुलांस आशीर्वाद.

आपला,
अभिमन उखर्डू पाटील


जळगाव
९ फेब्रुवारी १९९२

भटू यास,
आशीर्वाद.

उत्तर आले नाही. उत्तर न येणे हे होकाराचे किंवा नकाराचे प्रमाण नव्हे, हे मी जाणतो. तरीही या तीन आठवड्यांत प्रकरणाला जे वळण लागले ते तुला कळविणे भाग आहे. (‘तुम्ही’ मी सोडून दिले आहे. कारण पुढे येईल.)

दुसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा वर्कशॉपचे प्रमुख मोतीलालजी स्वतः बाहेर आले. सभ्य गृहस्थ आहेत, पण वाद कशाचा चालला आहे हे ऐकून घेण्याआधी समजूत घालू लागतात.

“प्रोफेसरसाहेब, आवाज असता तर आम्ही कशाला नाही म्हटलं असतं? पार्ट कंपनी देते. आम्हाला काय दुश्मनी आहे तुमच्या गाडीशी?”

“दुश्मनी आहे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे आवाज आहे असे आहे.”

“चला, मी स्वतः बसतो. मग तर झालं?”

ते बसले. मागे बसले, मधोमध, दोन्ही हात पाठीवर पसरून, जसे ते आपल्या गाडीत बसत असतील. निंबा चालवीत होता. मी फाटकाशी उभा राहिलो. परत आल्यावर मोतीलालजी म्हणाले, “साहेब, झोप लागेल इतकी शांत गाडी आहे.” निंबाने जोड दिली : “कानात वारं जात असंल, आबा. काच वर करून चालवत जा.”

मग मी सांगितले की मला साक्षीदार आहे.

“कोण?”

“माझा भाऊ.”

“घरचा माणूस कसा चालेल, साहेब? बाहेरचा पाहिजे.” (‘तुम्ही’ सोडण्याचे कारण ते हेच.)

मी त्यांना समजावून दिले की न्यायशास्त्रात शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. आप्त म्हणजे जो यथार्थ जाणतो आणि जाणले तसेच सांगतो तो. पुढे मराठीने त्या शब्दाचा अर्थ नातेवाईक असा करून ठेवला, त्याला शास्त्र जबाबदार नाही. तरीपण भाऊ हा दोन्ही अर्थांनी आप्त असू शकतो, निदान तसे असण्यास तर्काची हरकत नाही. मोतीलालजींनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमचं सगळं बरोबर. पण फॉर्मवर त्याला रकाना नाही.” शेवटी म्हणाले, “बरं, आणा भावाला. बघू.”

मी ‘आणतो’ असे म्हणालो नाही. मी ‘कळवितो’ म्हणालो.

घरातली स्थिती निराळी आहे. सुमनने आवाज ऐकलेला नाही. ती मागे बसते, माझ्या पाठीमागच्या खिडकीशी. तिला पुढे बसायला सांगितले तर म्हणते, “तुमच्या बरोबरीनं पुढं बसू? गाव काय म्हणंल?” मी म्हणालो, जळगावात आपले गाव नाही. ती म्हणाली, “तुमचं नसंल. माझं आहे.”

तिच्या आग्रहावरून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. तसा दाखला मागितला तेव्हा डॉक्टर हसले. दाखला दिला. घरी येऊन तो सुमनपुढे ठेवला. तिने तो वाचला नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, “गाडी नाही कण्हत. तुम्ही कण्हता. दुपारी खुर्चीत डोळा लागला की. दिवाळीपासून.”

हे मी केवळ नोंद म्हणून लिहितो.

साक्ष म्हणजे काय, याविषयी माझी मते कडक आहेत हे तुला ठाऊक आहे. ती कोणत्या प्रसंगाने ठाऊक झाली, तो या पत्राचा विषय नाही. इथे मी तुला न पाहिलेले पाहिले म्हणायला सांगत नाही. तू ऐकलेस आणि तू बोललास. तेवढेच लिही.

अभिमन


जळगाव
२२ मार्च १९९२

चि. भटू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. अकरा वर्षांत तुझ्या अक्षरातले हे पहिलेच. चौथीनंतर तुझी शाळा सुटली तरी ‘ट’ची गाठ तू अजून तशीच घालतोस. कार्डावर एकच ओळ आहे : ‘मी गाडीनं बोलनूच नही.’

मी ती अनेकदा वाचली. तू गाडीबद्दल बोललाच नाहीस. ठीक आहे. मग कोणाबद्दल बोललास, हे तू लिहिले नाहीस, आणि त्यामुळे मी जिथे होतो त्याहून मागे जाऊन पडलो आहे.

प्रश्न व्याकरणाचा आहे. पुस्तकी मराठीत मी कण्हतो, तू कण्हतोस, ती कण्हते. क्रियापदाचे शेपूट पाहिले की कर्ता ओळखू येतो. आपल्या अहिराणीत तसे नाही. मी कन्हस, तू कन्हस, तो कन्हस, ती कन्हस. बठ्ठे एकच. आपली बोली कर्ता समोर बसलेला आहे असे धरून चालते, त्याचे नाव कशाला घ्यायचे! चाळीस वर्षे शहरात राहून मी हे विसरलो होतो. तुझ्या शब्दाला ‘गाडी’ हा कर्ता मी माझ्या पदरचा जोडला आणि वर त्याला निष्कर्ष म्हटले. हीच चूक विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला उभे केले असते.

गाडी वगळली की त्या दिवशी गाडीत उरतात तीन. तू, मी आणि आई.

तू स्वतःविषयी म्हणालास असे मानावे, तर तू मला तुझे दुखणे सांगशील हे संभवत नाही. माझ्याविषयी म्हणालास असे मानावे, तर सुमनच्या विधानाशी ते जुळते. पण मी स्टिअरिंगवर होतो, जागा होतो, आणि कण्हणाऱ्याला आपले कण्हणे ऐकू येऊ नये हे मला पटत नाही. राहिली आई. ती तुझ्या मांडीवरच्या मडक्यात होती. तर्काने तिला प्रथम वगळायला हवे. मी दोन महिने वगळीत आलो आहे.

एकोणीस दिवस ती कण्हत होती असे बेबाबाई म्हणाली. तू ते एकोणीसही दिवस ऐकलेस. मी विसाव्या दिवशी आलो, तेव्हा घरात शांत होते. म्हणजे जे तुझ्या कानात अजून असेल ते माझ्या कानात कधी गेलेच नाही. वर्कशॉपमध्ये मी लोकांना सांगत फिरतो की ऐकलेल्या माणसावर न ऐकलेल्याने अविश्वास दाखवू नये.

आता जो विषय नव्हे असे मी लिहिले होते, तो.

१९८१ साली धुळ्याच्या कोर्टात, शेजाऱ्याशी चाललेल्या बांधाच्या दाव्यात, तुझा साक्षीदार म्हणून उभा असताना तुझ्या वकिलांनी मला विचारले, “बासष्ट साली बांध बाभळीच्या पलीकडे होता, हे तुम्ही पाहिलं आहे का?” मी म्हणालो, “मी तेव्हा जळगावला होतो. मी पाहिलेले नाही.” हे सत्य होते. बांध पलीकडे होता हेही सत्य होते. वडिलांनी मला तो पायांनी मोजून सांगितला होता. वकिलांनी पुन्हा विचारले, “पण तुम्हाला माहीत आहे ना?” मी म्हणालो, “ऐकीव माहिती ही साक्ष नव्हे.” तू कठड्याला हात लावून उभा होतास. दावा गेला आणि त्याबरोबर विहिरीची वाट गेली. अजून तू नाल्याला वळसा घालून विहिरीवर जातोस असे कळते.

मी चूक बोललो असे मला आजही सिद्ध करता येत नाही. मी ते अनेकदा करून पाहिले आहे.

तेव्हा मला इतकेच सांग, कर्ता कोण?

तुझा,
अभिमन


जळगाव
३० एप्रिल १९९२

भटू,

तुझ्या साक्षीची गरज संपली. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे पत्र तू मोकळ्या मनाने वाचशील किंवा वाचणार नाहीस.

वहीतल्या तीन तारखा मी पुन्हा समोर घेतल्या. ज्या दिवशी आवाज होता त्या दिवशी आणखी काय होते, आणि ज्या दिवशी नव्हता त्या दिवशी काय नव्हते? अन्वय आणि व्यतिरेक. शिकविलेले पहिलेच प्रकरण, आणि तेच वापरायला मला साडेतीन महिने लागले.

१४ डिसेंबर. त्या दिवशी मी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून दादर ज्वारीची गोणी आणली. बेबाबाईने पाठविलेली. डिकीची किल्ली घरी राहिली होती, म्हणून हमालाने ती पुढच्या आसनावर, माझ्या शेजारी बसवून दिली. (गोणीची पोच मी कळविली नव्हती. ज्वारी फार चांगली निघाली. बेबाबाईस सांग.) १२ जानेवारी. त्या दिवशी जुन्या पुस्तकांची खोकी वाचनालयास दिली, त्यातले मोठे खोके पुढे ठेवले होते. ११ नोव्हेंबर. त्या दिवशी तिथे तू होतास.

बाकी वर्षभर ते आसन रिकामे होते. सुमन मागे बसते. निंबा एकटा चालवितो. मोतीलालजी मागे बसतात. जे आवाज तपासायला निघाले ते सगळे तो जिथून निघतो ती जागा मोकळी ठेवून फिरून आले आणि आवाज नाही म्हणाले. त्यांचे चुकले नाही. माझ्या शेजारी कोणी बसले तरच गाडी कण्हते.

म्हणजे तू काहीही बोलला असलास तरी त्या दिवशी गाडी कण्हत होती. तुला ती ऐकू आली नसेल, तुझे कान दुसरीकडे असतील. मलाही ती एकटीच कण्हत होती की नाही, हे आज सांगता येत नाही. माझा पहिला निष्कर्ष खरा निघाला आणि त्याचे कारण खोटे निघाले. असे होऊ शकते हे मी शिकविले आहे. ते झाल्यावर माणसाने कुठे बसावे हे शिकविलेले नाही.

१३ मे रोजी सकाळी दहाला मी गाडी वर्कशॉपमध्ये नेणार आहे. गोणी पुढे ठेवून. गोणी पुरेशी आहे.

आता एक गोष्ट, जी मी कोणत्याही पत्रात लिहिणार नव्हतो.

गाडी मी माझ्यासाठी घेतली नाही. आईला जळगावला आणावे, इथल्या डॉक्टरांना दाखवावे, म्हणून घेतली. आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी ती माझ्याकडे यावी अशी काहीतरी कल्पना होती. मागच्या जूनमध्ये मी तिला घ्यायला आलो होतो, तू तेव्हा धुळ्याला बाजाराला गेला होतास. ती ओट्यावर बसली होती. गाडीला तिने हात लावून पाहिला, तापलेल्या पत्र्याने चटका बसला तेव्हा हसली. आणि म्हणाली, “दोन्ही भाऊ संगे या. मंग मी बठसू.”

हा निरोप मी तुला दिला नाही.

मी स्वतःशी युक्तिवाद केला की अट पुरी होण्याजोगी नाही, आणि पुऱ्या न होणाऱ्या अटीचा निरोप पोचविणे निरर्थक आहे. मी एकटाच परत आलो. श्रावणात पुन्हा विचारू असे ठरविले, श्रावणात दिवाळी ठरविली. दिवाळीत तुझा माणूस बोलवायला आला. त्याला मी म्हणालो, “भाऊबीज झाली की निघतो.” निघालो. ती विसाव्या दिवशीची गोष्ट.

अट मात्र तिने पुरी करून घेतली. दोन्ही भाऊ संगे आले आणि ती बसली.

हे तुला कोर्टात सांगता येणार नाही. मी सांगितल्यावाचून तुला कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. साक्षीदार मी एकटाच होतो आणि यावेळी मी सगळे प्रत्यक्ष पाहिलेले, प्रत्यक्ष ऐकलेले होते. तरी मी बोललो नाही.

येत्या मंगळवारी आखाजी आहे.

अभिमन


जळगाव
१६ मे १९९२

भटू,

मुदत काल संपली. गाडी दुरुस्त होऊन दारात उभी आहे. तू स्वतः तिथे होतास, तेव्हा घडलेले तुला कळविण्याचे कारण नाही. पण ते मला कसे दिसले हे तुला ठाऊक नाही, आणि समोर असताना मला सांगता आले नाही.

तेरा तारखेला वर्कशॉपच्या फाटकाशी मी गाडी थांबविली तेव्हा नऊ पन्नास झाले होते. ऊन इतके होते की पांढऱ्या टोपीखाली कोण आहे ते मी ओळखले नाही. नंतर पिशवी ओळखली. ती आईची होती, निळ्या पट्ट्यांची. तू दरवाजा उघडलास, आत पाहिलेस आणि म्हणालास, “गोनी उतार. मी बठस.”

मी बठस. यात कर्ता होता.

निंबाने चालवायला घेतली. तू त्याच्या शेजारी. मी मागे. माझ्याच गाडीत मागे बसण्याची ती माझी पहिली वेळ. तुझ्या मानेवर उन्हाने पडलेल्या चिरा मी पाहत होतो. वडिलांच्या मानेवर तशाच होत्या. पहिल्या खड्ड्याला निंबाने मान वाकडी केली. दुसऱ्या खड्ड्याला म्हणाला, “आयला! आहे की, आबा!” गाडी कडेला लावून तो खाली उतरला, तुला बसूनच राहा म्हणाला, डाव्या चाकाच्या वर दोन्ही हातांनी दाबू लागला. दाबले की ती कण्हे. “चाकावरचं रबरी बुश. कंपनीतनंच तिरपं बसलंय. वजन आलं की घासतंय. आबा, तुम्ही आधी का नाही सांगितलं बाजूला माणूस लागतो म्हणून?”

मी वही काढून ‘बुश’ असे लिहून घेतले.

मोतीलालजींना फार आनंद झाला. त्यांनी फॉर्म पुढे केला आणि तुला म्हणाले, “भाऊसाहेब, फक्त एवढं लिहून द्या की नोव्हेंबरपासून आवाज ऐकलाय. दोन कार्डांवर आम्हीच ‘नाही’ लिहून बसलोय. कंपनी विचारेल, वॉरंटी संपता संपताच कसा निघाला?”

“नवंबरनं माले माहीत नही,” तू म्हणालास.

“अहो, पण साहेब तर म्हणतात, तुम्ही त्या दिवशी गाडीतच—”

“गाडीमा व्हतू. आवाज आज आयका. आजनं लिखी ल्या.”

“एका शब्दाचा प्रश्न आहे हो!”

“मन्हा मोठा भाऊनी शिकाडेल शे,” तू म्हणालास, माझ्याकडे न पाहता. “जे आयकं नही, ते सांगानं नही.”

मोतीलालजींनी माझ्याकडे पाहिले. निंबाही पाहू लागला. मी चष्मा पुसला. अकरा वर्षे ते वाक्य तू सांभाळले होतेस, आणि भटू, त्यात एकही चूक नव्हती.

मोतीलालजींनी त्याच दिवसाची तारीख घातली. तू सही केलीस. ‘ट’ला गाठ घातलीस.

बुश बदलायला दोन तास लागले. तू बाकावर पिशवी उघडलीस, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी काढलीस, मोडलीस, ठेच्याचा गोळा मधे ठेवलास. मी हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा तू सुरुवात केलेली नव्हती. मला काही बोलायचे होते. शेवटच्या पत्रात जे लिहिले ते तू वाचलेस का, एवढे तरी विचारायचे होते. तू आलास हेच उत्तर असे मानावे, तर तो निष्कर्ष झाला, आणि निष्कर्षांनी माझी काय गत केली ते तू पाहिलेच आहेस. म्हणून मी ठेचा तिखट आहे असे म्हणालो. तू म्हणालास, “बेबाना हातनं शे.” अकरा वर्षांत आपल्यात झालेले ते सर्वात लांब संभाषण होते.

निंबाने कार्डावर लिहिले : ‘आवाज. होता. काढला.’ मी त्यात दुरुस्ती सुचविली नाही.

तुला एस.टी. स्टँडवर सोडायला निघालो. गाडी मी चालवीत होतो, तू माझ्या शेजारी, पिशवी मांडीवर. पुलाअलीकडे रस्ता उखडला आहे तिथून मी मुद्दाम गाडी घातली. एकदा, दोनदा, तीनदा. काही नाही. दुरुस्ती चोख झाली होती. इतकी शांतता त्या गाडीत मी कधी ऐकली नव्हती.

आणि तू खिडकीबाहेर पाहत म्हणालास, “कन्हस.”

या वेळी गाडी नक्की नव्हती. मडके नव्हते. मी विचारू शकलो असतो, कोण. तोंडात शब्द आला होता. शेजारी बसलेल्या माणसाला कर्ता कोण हे विचारणारा मीच एक असेन.

मी “हो” म्हणालो.

तू मान हलविली नाहीस, वळून पाहिले नाहीस. पण पिशवीवरचे हात तू सैल सोडलेस. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

धुळ्यात वकिलांचा प्रश्न स्वच्छ होता, उत्तर माहीत होते आणि शब्द एवढाच हवा होता. या वेळी प्रश्न कोणता होता हे मला ठाऊक नाही, मी कशाला हो म्हणालो तेही ठाऊक नाही. सुमनला सगळे सांगितले. ती म्हणाली, “बरं झालं विचारलं नाहीत.” मग विचारू लागली, भाऊंनी पाणी तरी घेतलं का, घरी का आणलं नाही.  तुला घरी चल म्हणावे हे मला सुचले नाही. स्टँडवर सोडायचे एवढेच सुचले. माझ्या या वयात असे व्हावे याची लाज वाटते.

आता शेवटची शंका. धुळ्याच्या गाडीत चढताना तू पायरीवरून म्हणालास, “येस.”

निरोप घेताना आपल्याकडे असेच म्हणतात हे मला माहीत आहे. मी येस, म्हणजे मी येतो. पण तू येस, असेही होते. तू कर्ता सांगितला नाहीस आणि गाडी सुटली. तीन दिवस मी या शब्दाची दोन्ही टोके धरून बसलो आहे. तू पुन्हा येतोस, की मी यावे?

या वेळी तुला विचारीत नाही. कर्ता मी आहे असे धरून, २४ तारखेस, रविवारी, सकाळी आम्ही निघतो. सुमन पुढे बसणार आहे. गाव काय म्हणेल ते ऐकायला आपण दोघेही तिथे असू. विहिरीवर मला नाल्याच्या वळशाने ने. ती वाट मी पाहिलेली नाही.

तुझा,
नाना